मो ली ह्वा : भूप की दुर्गा? एका चिनी लोकगीताच्या चालीविषयी

शुद्धमध्यम (धागाकर्ता)

गेला महिनाभर मी एक चिनी लोकगीत पेटीवर बसवतो आहे आणि त्याच्या शेवटच्या ओळीपाशी रोज अडतो आहे, म्हणून हा धागा. गीताचे नाव 'मो ली ह्वा', म्हणजे चमेलीचे फूल. जिआंग्सू प्रांतातले हे गाणे चीनमध्ये शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांच्या ओठांवर असते. चिनी संगीत मुद्दाम कधीच न ऐकलेल्यांच्याही कानांवर ही चाल कुठे ना कुठे पडून गेलेली असते, कारण २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पदके देताना जे संगीत वाजत असे ते याच चालीवर बेतलेले होते.

आधी स्वर लिहितो. सर्वाधिक प्रचलित असलेल्या पाठाची सुरुवात अशी आहे : ग ग प ध सां सां ध प, प ध प. हीच ओळ पुन्हा येते. मग प प प ग प, ध ध प. मग ग रे ग प ग रे सा, सा रे सा. मग ग रे सा ग रे ग, प ध सां प. मग रे ग प रे ग सा ध़ प़, आणि या ओळीचा श्वास पुरता सुटायच्या आतच ध़ सा रे ग सा रे सा ध़ प़ अशी शेवटची ओळ. (खाली टिंब असलेले स्वर मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातले आणि वर टिंब असलेला 'सां' तार, म्हणजे वरच्या सप्तकातला.) मध्यम नाही, निषाद नाही. आपल्यापैकी कोणीही पहिल्या ऐकण्यात म्हणेल की हा भूप राग आहे. मीही तसेच म्हटले होते.

अडचण आहे ती न्यासाची, म्हणजे ओळ ज्या स्वरावर थांबते त्याची. गाण्याचे पुनरावृत्तीसह सात तुकडे पडतात आणि त्यांपैकी फक्त चौथा तुकडा षड्जावर थांबतो. उरलेले सहाही पंचमावर थांबतात, पहिले काही मध्यसप्तकातल्या आणि शेवटचे दोन मंद्रसप्तकातल्या. गाणे संपतेही मंद्र पंचमावरच. भूपाच्या अपेक्षेने ऐकणाऱ्याला दर वेळी वाटते की अजून एक पायरी चढून 'सा'वर यायचे राहिले आहे, पण गाणारा तर निवांत थांबलेला असतो. हे अधांतरी थांबणे मला या चालीचे मर्म वाटते. चिनी माणसालाही ते अधांतरी वाटते का, की मीच माझा षड्ज त्याच्यावर लादतो आहे?

खर्ज

तुम्हीच लादता आहात, आणि मजा अशी की तुमच्या टोपणनावातच उत्तर दडलेले आहे. शेवटच्या पंचमाला षड्ज माना आणि तेच स्वर पुन्हा मोजा. प, ध, सा, रे, ग यांचे सा, रे, शुद्ध मध्यम, प, ध होतात. हे दुर्गा रागाचे स्वर झाले. आता गाणे तार षड्जाच्या आसपास सुरू होते, वर रेंगाळते, एकदाच मध्यमावर विसावते आणि एक अख्खे सप्तक उतरून मध्य षड्जावर येऊन शांत होते. यात अधांतरी काही नाही, उलट जिना उतरून अंगणात येण्यासारखा हा प्रवास आहे.

चिनी संगीतशास्त्रात यासाठी नेमका शब्द आहे. तिथे पाच स्वरांना गोंग, शांग, जुए, झी आणि यू अशी नावे आहेत आणि ज्या स्वरावर गाणे संपते त्यावरून त्याची जात ठरते. 'मो ली ह्वा' झी जातीचे मानले जाते. आपल्या मूर्छनांच्या, म्हणजे तेच स्वर ठेवून षड्ज बदलण्याच्या, हिशेबाने पाहिले तर पाचही जाती आपल्या ओळखीच्या निघतात : गोंगपासून भूपाचे स्वर मिळतात, शांगपासून मेघाचे, जुएपासून मालकंसाचे, झीपासून दुर्गाचे आणि यूपासून धानीचे.

मात्र 'स्वर मिळतात' यापलीकडे जाऊ नये, अशी कळकळीची विनंती. भूप आणि देशकार यांचे स्वर एकच असूनही ते दोन राग आहेत, कारण राग म्हणजे चलन, स्वरांची चालण्याची रीत. 'मो ली ह्वा'त भूपाचे चलन नाही आणि दुर्गाचेही नाही. दुर्गातली मध्यम-रिषभाची जी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) ऐकताच राग ओळखू येतो, ती इथे शोधून सापडणार नाही. ही एक धुन आहे आणि तिला धुन म्हणूनच ऐकावे. 'चिनी लोक भूप गातात' अशी विधाने ऐकली की मला वाद घालावासा वाटतो.

बकुळफूल

सुरांतले मला फारसे कळत नाही, पण फुलातले कळते, म्हणून एक दुरुस्ती. 'मो ली' म्हणजे चमेली नव्हे. इंग्रजीतल्या 'जॅस्मिन' या एका शब्दाच्या पोटात आपल्या जाई, जुई, चमेली, कुंदा, मोगरा अशा सगळ्या बहिणी कोंबलेल्या असल्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो. ज्या झाडाला चिनी भाषेत 'मो ली' म्हणतात ते जॅस्मिनम सॅम्बॅक, म्हणजे आपला मोगरा. चिनी चहाला ज्या फुलांचा वास देतात तीही हीच.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे हा शब्दही मूळचा चिनी नाही. झाड परदेशातून दक्षिण चीनमध्ये गेले आणि सोबत नावही गेले. 'मो ली' हे संस्कृत 'मल्लिका' या शब्दाचे चिनी उच्चारात बसवलेले रूप आहे. सोळाव्या शतकातल्या ली शिझेन यांच्या प्रसिद्ध वनौषधिग्रंथातही हे नाव मूळचे संस्कृत असून त्याला ठरलेली चिनी अक्षरे नाहीत, अशा अर्थाची नोंद आहे. चीनची ओळख म्हणून जगभर वाजणाऱ्या गाण्यातले फूल असे पाहुणे म्हणून आलेले आहे.

गाण्याचे शब्द कोणी मराठीत सांगेल का? नुसत्या चालीवर इतकी चर्चा झाली, पण फुलाचे पुढे काय होते ते कळले नाही.

दूरदेशी

कामानिमित्त जिआंग्सूमधल्या सूझौ शहरात दोन वर्षे राहिलो असल्यामुळे थोडेफार सांगू शकतो. गाण्याचे दोन पाठ मुख्यतः ऐकू येतात.

जिआंग्सूमध्ये ज्याला मूळ मानतात त्या पाठात तीन कडवी आहेत आणि तिन्हींचा साचा एकच आहे. बागेतल्या सगळ्या फुलांचा दरवळ एकत्र केला तरी मोगऱ्याची सर येणार नाही, मला एक फूल खुडून माळावेसे वाटते, पण बाग राखणारा रागावेल. दुसऱ्या कडव्यात मोगऱ्यापुढे बर्फही पांढरे ठरत नाही, फूल माळावेसे वाटते, पण लोक हसतील. तिसऱ्यात बागेतले एकही फूल मोगऱ्याची बरोबरी करत नाही, फूल माळावेसे वाटते, पण खुडले तर पुढच्या वर्षी झाडाला अंकुर फुटणार नाही. भीती आधी माळ्याची, मग लोकांची आणि शेवटी झाडाविषयीची. हात प्रत्येक कडव्यात पुढे होतो आणि प्रत्येक कडव्यात मागे येतो. फूल शेवटपर्यंत झाडावरच राहते.

धागाकर्त्याने ज्याचे स्वर दिले आहेत तो दुसरा, एका कडव्याचा पाठ. त्यात मात्र फूल खुडले जाते आणि दुसऱ्या कोणाला तरी दिले जाते. परदेशात हाच पाठ अधिक पसरला आहे. माझे मत विचाराल तर शब्दांच्या दृष्टीने तो बराच फिका आहे.

आता इतिहास. अठराव्या शतकात, छियानलुंग बादशहाच्या काळात, 'झुई बाई चिऊ' नावाचा रंगमंचावरील प्रवेशांचा मोठा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातल्या 'ह्वा गू', म्हणजे फुलांचा ढोल, या प्रवेशात हे गीत येते. ढोल आणि झांज वाजवत गावोगाव फिरणाऱ्या जोडप्याचा तो प्रवेश आहे. अशा फिरस्त्या कलावंतांसाठी आन्हुई प्रांतातला फेंगयांग हा भाग प्रसिद्ध होता आणि दुष्काळ पडला की तिथली माणसे ढोल गळ्यात अडकवून बाहेर पडत. तिथे पहिल्या कडव्यात नुसते 'ताजे फूल' आहे आणि दुसऱ्यात मोगरा. खुडावे पण राखणारा रागावेल, ही ओळ तेव्हाही आहे. चालीचे जुने नावही 'शिएनह्वा दिआओ', म्हणजे 'ताज्या फुलाची चाल' असेच होते.

आजचा तीन कडव्यांचा पाठ घडला तो विसाव्या शतकात. १९४२ मध्ये चिनी साम्यवाद्यांच्या 'नव्या चौथ्या सेने'च्या कलापथकातले हे फांग (यातले 'हे' हे आडनाव आहे, सर्वनाम नव्हे) नानजिंगजवळच्या लुहे परिसरात गेले असताना त्यांनी एका लोककलावंताकडून हे गीत शिकून घेतले. तेव्हा त्यात तीन वेगवेगळी फुले होती : मोगरा, गुलाब आणि एक वेल, जिचे चिनी नाव शब्दशः 'सोन्याचांदीचे फूल' असे आहे. पुढे १९५७ मध्ये, सेनेच्या गायनपथकाला बीजिंगमध्ये गायचे असताना, हे फांग यांनी गीत नीट घासूनपुसून घेतले. तिन्ही कडवी मोगऱ्याची केली आणि जुन्या पाठात स्त्री स्वतःचा उल्लेख 'दासी' या अर्थाच्या शब्दाने करत होती तिथे साधे 'मी' घातले. ध्वनिमुद्रण निघाले आणि गाणे देशभर गेले.

शुद्धमध्यम

दुरुस्तीबद्दल बकुळफूल यांचे आभार, मोगराच. शीर्षकात फूल नव्हते हे माझे नशीब.

दूरदेशी यांनी सांगितलेल्या तीन कडव्यांमुळे माझ्या मूळ मुद्द्याला बळ मिळाले असे वाटते. खर्ज यांचे म्हणणे शास्त्र म्हणून मान्य, परंतु कानाचे काय? ग ग प ध सां अशी उठाण घेऊन गाणे वरच्या षड्जाला नुसता स्पर्श करते आणि लगेच पंचमावर परत येते. तिथे ते राहत नाही. पाचव्या तुकड्यातही प ध सां असे चढून शेवटी 'प'च. तिकडे शब्दांमध्ये हात फुलापर्यंत जाऊन परत येतो आहे आणि इकडे सूर षड्जापर्यंत जाऊन परत येतो आहे. दोन शतके लोकांना या गाण्याची ओढ वाटते ती याच जुळणीमुळे, असे माझे मत होत चालले आहे. ते कच्चे असेल तर सांगा.

उलटतपासणी

कच्चेच आहे. ज्या पाठाचे स्वर तुम्ही दिलेत त्यात फूल खुडले जाते, हे वरच सांगितलेले आहे. सूर तोच, हात मात्र मागे येत नाही. मग जुळणी कुठे राहिली?

आणि 'लोकांना ओढ वाटते' याचा अर्थ काय? २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकच्या समारोपात चीनच्या वाट्याला जी काही मिनिटे आली त्यांत एका लहान मुलीकडून हे गाणे म्हणवून घेतले गेले. २००८ चे वर आलेच आहे. परदेशी पाहुणे, राजकीय सोहळे, वाद्यवृंदांचे दौरे, सगळीकडे हेच. एखादे सरकार अर्धशतक एखादे गाणे जगाच्या कानात ओतत राहिले तर ते चिरंतन वाटणारच. गंमत म्हणजे फेब्रुवारी २०११ मध्ये, ट्युनिशियातल्या 'जॅस्मिन क्रांती'चे लोण आपल्याकडे येईल या धास्तीने, चीनमध्ये आंतरजालावर 'मो ली ह्वा' हाच शब्द गाळला जाऊ लागला. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांनी हे गाणे म्हटल्याच्या चित्रफितीही दिसेनाशा झाल्याच्या बातम्या तेव्हा होत्या. जे गाणे सत्तेने चढवले ते सत्तेला काही दिवस नकोसे झाले. आवड सुरांमुळे आहे की प्रसारामुळे, याचा हिशेब आधी करावा.

तिसरी घंटा

हिशेब करायचा तर तो १९५७ पासून का करावा? सरकारी प्रसाराच्या दीडशे वर्षे आधी हे गाणे युरोपात पोहोचले होते.

लॉर्ड मॅकार्टनी यांचे ब्रिटिश शिष्टमंडळ १७९३ मध्ये चीनला गेले. व्यापाराच्या दृष्टीने ती वारी फुकट गेली, पण सोबतच्या मंडळींपैकी ह्युट्नर नावाच्या जर्मन शिक्षकाने ही चाल टिपून घेतली. त्याच शिष्टमंडळातल्या जॉन बॅरो यांनी १८०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चीनच्या प्रवासवर्णनात ती पाश्चात्त्य स्वरलेखनात छापली. बॅरो यांची एक तक्रार मला फार आवडते. त्याआधी लंडनमध्ये कोणीतरी हीच चाल युरोपीय साथसंगतीचा साज चढवून छापली होती. चिनी लोक गातात ती चाल अशी नव्हेच, ती निव्वळ एकेरी असते, म्हणून मी ती उघडीवाघडीच देतो, असा त्यांचा पवित्रा होता. शब्दांचा अर्थही त्यांनी दिला आहे आणि त्यातही फूल माळले तर बघणाऱ्यांच्या डोळ्यांत येईल, ही धास्ती आहेच.

मग एकोणिसावे शतकभर ही चाल युरोपात 'चिनी संगीताचा नमुना' म्हणून फिरत राहिली आणि अखेर पुच्चिनी या इटालियन संगीतकारापाशी आली. त्याच्या 'तुरांदोत' या ऑपेरात ती आहे. चीनमध्ये राजनैतिक अधिकारी म्हणून राहून आलेल्या बॅरन फासिनी यांच्याकडे चिनी चाली वाजवणारी एक पेटी होती. पेटी म्हणजे आपली हार्मोनियम नव्हे, किल्ली देऊन वाजवायची संगीतपेटी. पुच्चिनीने आपल्या ऑपेरातल्या काही चाली तिच्यावरून घेतल्या आणि 'मो ली ह्वा' त्यांपैकी एक. १९२४ मध्ये तो वारला, उरलेला भाग फ्रांको अल्फानो यांनी पुरा केला आणि २५ एप्रिल १९२६ रोजी मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात तोस्कानिनींच्या संचालनाखाली पहिला प्रयोग झाला.

पहिल्या अंकात, एका राजपुत्राच्या शिरच्छेदाची तयारी सुरू असताना, रंगमंचामागून मुलांचा समूह ही चाल गातो आणि सोबत सॅक्सोफोन असतात. शब्द पूर्णपणे वेगळे आहेत. मोगऱ्याचे नावही नाही. पूर्वेच्या डोंगरांवर करकोचा गायला, पण एप्रिल फुलला नाही आणि बर्फ वितळले नाही, अशा अर्थाचे ते शब्द आहेत. फुलाच्या गाण्याचे इथे न फुलण्याचे गाणे झाले आणि पुढे ऑपेराभर ही चाल तुरांदोत या थंड राजकन्येचीच खूण बनून येते. मूळ शब्द पुच्चिनीला कितपत माहीत होते याच्याशी मला कर्तव्य नाही. ती चाल ऐकून त्याला हूरहूर जाणवली, हे मला पुरेसे आहे.

१९९८ मध्ये हाच ऑपेरा बीजिंगमध्ये, राजवाड्याच्या आवारातल्या पूर्वजांच्या मंदिरासमोर झाला. दिग्दर्शन झांग यीमोऊ यांचे आणि वाद्यवृंदाचे संचालन आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांचे. चाल संगीतपेटीतून बाहेर पडून दोनशे वर्षांच्या फेऱ्याने घरी आली म्हणा ना.

खर्ज

तिसरी घंटा यांच्या प्रतिसादातली बॅरो यांची तक्रार या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण तिथेच धागाकर्त्याच्या अधांतराचा उलगडा होतो. पाश्चात्त्य पद्धतीने चालीखाली स्वरसंवाद बसवायचा म्हटले की 'इथले घर कोणते' हे आधी ठरवावे लागते. बसवणारा साहजिकच 'सा'ला घर ठरवतो आणि मग मंद्र पंचमावर संपणारी ओळ त्याला अपुरी वाटू लागते. आपल्यालाही तानपुऱ्यामुळे तीच सवय आहे. चिनी गाण्यात अखंड घुमणारा आधारस्वर नसतो. बासरी, आरहू (दोन तारांचे गजवाद्य) किंवा पिपा (छेडून वाजवायचे तंतुवाद्य) गाणाऱ्याच्या सोबतीने तीच चाल थोड्या वेगळ्या नक्षीने वाजवतात. घर कोणते हे आधी कोणी सांगितलेले नसते, ते गाणे संपल्यावर कळते.

उलटतपासणी यांच्या दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, पण वेगळ्या दिशेने. प्रसाराने गाणे मोठे केले असे नाही, पण त्याच्या अनेक भावंडांना मात्र झाकून टाकले.

दूरदेशी

भावंडांविषयी लिहिणारच होतो.

हान चिनी लोकगीतांचे अभ्यासक तीन ढोबळ प्रकार मानतात. कष्टाची कामे करताना म्हणायची ती 'हाओझी', उघड्या रानात डोंगरात म्हणायची ती 'शानगे', आणि गावाशहरांतून, चहाघरांतून, सणासमारंभांतून, बहुधा वाद्यांच्या साथीने म्हणायची ती 'शियाओदिआओ', म्हणजे छोट्या चाली. 'मो ली ह्वा' तिसऱ्या प्रकारात मोडते. शियाओदिआओ व्यावसायिक गाणाऱ्यांच्या तोंडी फिरून गुळगुळीत झालेल्या असतात : ओळींची लांबी बेतशीर, आरंभ-विस्तार-वळण-समारोप अशी चार पायऱ्यांची बांधणी, आणि कडवी हवी तितकी जोडता येतील अशी सोय. म्हणूनच त्या प्रवास करतात.

ही चालही भरपूर हिंडली. हपै प्रांतातल्या नानपी या भागातला पाठ ऐका. तो संथ आहे, शेवटची ओळ इतकी लांबवतात की नाटकातल्या गाण्याची आठवण व्हावी, आणि कडवी पुढे सरकत सरकत 'पश्चिमेकडील दालन' या प्रसिद्ध प्रेमकथेत शिरतात. आठव्या महिन्यात एक फूल, नवव्या महिन्यात दुसरे, आणि मग त्या सुगंधाने खुळावलेला झांग नावाचा विद्यार्थी भिंतीवरून उडी मारून प्रेयसीच्या बागेत! जिआंग्सूमधली मुलगी माळी रागावेल म्हणून थबकते आणि उत्तरेतला नायक थेट भिंत ओलांडतो. ईशान्येकडचा पाठ आणखी वेगळा. तिथे सूर शेजारच्या पायरीवर जाण्याऐवजी लांब उड्या घेतात आणि बोलीचा ठसका कानाला जाणवतो.

बोलीचा मुद्दा मोठा आहे. चिनी भाषेत अक्षराचा सूर बदलला की अर्थ बदलतो, त्यामुळे चालीला शब्दांच्या चढउताराची थोडीफार दखल घ्यावी लागते. यांगझौ-नानजिंगकडची बोली एका तऱ्हेने हेलकावते आणि उत्तरेकडची दुसऱ्या. तीच चाल तिथल्या जिभेवर वेगळी वळणे घेते. 'या', 'आय' असे अर्थ नसलेले भरीचे उच्चारही प्रत्येक ठिकाणचे वेगळे. आपल्या गीतांतले 'जी जी रं' किंवा 'गं बाई' जसे सांगून टाकतात की गाणारा कुठला आहे, तसेच.

आणखी एक निरीक्षण. सूझौच्या बागांमध्ये सकाळी निवृत्त मंडळींचे समूहगान चालते. झाडाला किंवा चौकटीला मोठा कागद टांगलेला असतो आणि त्यावर शब्दांच्या वर १, २, ३, ५, ६ असे आकडे असतात. 'जिएनपू' नावाची ही पद्धत म्हणजे आकड्यांतले सारेगमच आहे, १ म्हणजे सा, पट्टी कोणतीही घ्या, मंद्राला खाली टिंब आणि ताराला वर टिंब. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जपानमार्गे चिनी शाळांत आली. भातखंडे स्वरलेखन पद्धतीची सवय असलेल्या माणसाला ती दहा मिनिटांत वाचता येते. मला चिनी लिपी येत नव्हती तेव्हाही मी त्या कागदावरून 'मो ली ह्वा' गात होतो आणि शेजारच्या आजी मला शब्द सांगत होत्या. त्यांना गाणे सरकारने शिकवले की आईने, हे मी विचारायला हवे होते.

उलटतपासणी

आजींपुढे माझा युक्तिवाद चालणार नाही, हे मान्य. बॅरो यांचा दाखलाही मान्य. पण खर्ज यांनी दिलेला अर्धा कौल मी सोडणार नाही. तीन फुले कापून एक ठेवले, 'दासी' काढून 'मी' आणला, नानपीच्या विद्यार्थ्याला भिंतीपलीकडेच ठेवले, आणि मग त्या आटोपशीर गाण्याला 'चीनचे लोकगीत' म्हटले. मला हे फांग यांच्याविषयी राग नाही, त्यांचे काम सुरेख आहे. फक्त 'लोक' या शब्दाआड एका कसबी संपादकाचा हात आहे, तो दिसू द्यावा.

बकुळफूल

संपादकाने 'पुढच्या वर्षी अंकुर फुटणार नाही' ही ओळ ठेवली, त्यासाठी मी त्यांना सगळे माफ करते. अर्थात, बागकाम करणारी म्हणून सांगते, ही भीती निराधार आहे. मोगऱ्याची छाटणी केली तर तो अधिकच फुलतो. फूल खुडल्याने रोपाचे काहीही बिघडत नाही. त्या मुलीला हे कोणी सांगितले असते तर तिसरे कडवे उरलेच नसते. पण पहिल्या दोन कडव्यांतली कारणे खरी होती आणि तिसरे तिने स्वतः शोधून काढले, असे मला वाचताना वाटले. न खुडण्यासाठी तिला लोकांपेक्षा चांगले कारण हवे होते.

खर्ज

धागाकर्त्यासाठी एक प्रयोग सुचवतो. तानपुऱ्यावर हे गाणे दोनदा म्हणा. पहिल्यांदा नेहमीप्रमाणे पहिली तार पंचमाला आणि जोड (मधल्या दोन तारा) षड्जाला लावून, म्हणजे भूपाच्या अंगाने. दुसऱ्यांदा तुमच्या मंद्र पंचमालाच षड्ज धरून जोड त्याच्याशी जुळवा आणि पहिली तार मध्यमाला लावा, म्हणजे दुर्गाच्या स्वरांनी. लक्षात घ्या की दोन्ही वेळा तानपुऱ्यात तेच दोन सूर वाजत असतील. फक्त जास्त तारा कोणाला मिळाल्या आणि एक कोणाला, एवढाच फरक. चालीतला एकही सूर बदलायचा नाही.

शुद्धमध्यम

प्रयोग काल संध्याकाळी केला. गायला माझी नऊ वर्षांची शिष्या होती, कारण तिला ना भूप ठाऊक आहे ना दुर्गा, आणि चाल तिने आकड्यांवरूनच पाठ केली होती.

दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे जोड खालच्या पंचमाशी जुळवून, ती गायली तेव्हा शेवटचा सूर लागताच तिने वही मिटली आणि पाणी प्यायला उठली. पहिल्या पद्धतीने गायली तेव्हा मंद्र पंचमावर येऊन ती थांबली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "काका, पुढची ओळ?"

घरी मी आता पहिल्याच पद्धतीने गातो.